सूर्यास्ताचं चित्र फसतं ते झाडांत

सूर्यास्ताचं चित्र बिघडलं की बोल आकाशाला लागतो. माझा अनुभव उलटा आहे: आकाश जमून जातं, घात करतात ती झाडं.

बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या राजहंसगडावर विषय शोधावा लागत नाही. मला ऑक्टोबर-नोव्हेंबर आवडतो. पावसानं हवेतली धूळ धुतलेली, थोडे ढगही शिल्लक. सूर्य बुडाल्यावर रंग जेमतेम पंधरा-वीस मिनिटं टिकतात, तेवढ्यात चित्र होत नाही. जागेवर मी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पेन्सिलीनं उजळ, मधली आणि गडद एवढ्या तीनच छटा टिपते. फोटोही घेते, पण त्यावर विसंबत नाही. कॅमेरा आकाश सांभाळतो आणि झाडं काळीभोर करून टाकतो; डोळ्याला त्यात जांभळा, तपकिरी, खोल हिरवा दिसत असतो.

चित्रकार के. बी. कुलकर्णींच्या बेळगावात जलरंगाला मान मोठा, तरी शिकणाऱ्यानं सूर्यास्ताला अ‍ॅक्रिलिक घ्यावा. त्यात, जलरंगाच्या उलट, वाळलेल्या गडदावर पुन्हा उजळ देता येतो. १२ बाय १६ इंचांचा कॅनव्हास बोर्ड पुरे. रंग सहा: लेमन यलो, कॅडमियम ऑरेंज, क्रिमसन (गडद लाल), अल्ट्रामरीन (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), टायटॅनियम व्हाइट. काळी ट्यूब पेटीतच राहू दे.

आधी पातळ बर्न्ट सिएनाचा हात सगळ्या बोर्डवर. मग क्षितिजापासून वर पिवळा, नारिंगी, क्रिमसन, अल्ट्रामरीन. पिवळा निळ्याला भिडला की हिरवट होतो, नारिंगी भिडला की चिखल. मधला क्रिमसनचा पट्टा त्यासाठीच. त्याच्याशी मिसळून निळा जांभळा होतो. एक इंची चपटा ब्रश दर रंगाला धुवून फडक्याला पुसायचा. उन्हाळ्यात रंग बघता बघता सुकतो, म्हणून पॅलेटवर पाण्याचा फवारा. जुलैच्या झडीत मात्र थर वाळायची वाट पाहावी, नाहीतर वरच्या हाताबरोबर खालचा उचलला जातो. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर किंचित गडदही होतो. मिश्रण थोडं उजळच करावं.

आता झाडं. दोन भाग अल्ट्रामरीन, एक भाग बर्न्ट सिएना, क्रिमसनचा ठिपका: हा गडद जिवंत राहतो. खोड बुंध्यापासून वर ओढायचं आणि ब्रश हळूहळू उचलायचा. बारीक फांद्यांना लांब केसांचा ब्रश आणि शाईइतका पातळ रंग. पानांसाठी जुना, केस फिसकटलेला ब्रश जवळजवळ कोरडा टेकवायचा. खानापूरकडची निलगिरी उंच, तिचे झुबके सुटे, जांभूळ गच्च. दोन्ही एकाच हातानं ठोकली की चित्र खोटं दिसतं. आणि झाडं सारख्या अंतरावर नकोत, विजेचे खांब वाटतात.

पानांतल्या फटीतून दिसणारं आकाश भोवतालच्या आकाशापेक्षा थोडं गडद ठेवायचं. तेवढंच उजळ ठेवलं तर ठिपके डोळ्यांत खुपतात. सूर्यासमोरून जाणारी फांदी तिथं बारीक आणि तांबूस करायची, कारण प्रखर उजेड तिची कड खाऊन टाकतो. हे बहुतेकांकडून राहून जातं.

सूर्य सगळ्यात शेवटी. पांढऱ्यात थोडा लेमन यलो, पॅलेट नाइफनं जाडसर, एकदाच ठेवायचा. बाजूचा नारिंगी ओला असताना वरून ब्रश फिरवला की तो त्यात मिसळतो आणि तेज जातं.