पस्तीस जिल्हे, एक बार चार्ट आणि एक्सेलची मनमानी

सध्या रिपोर्टचा सीझन चालूय, त्यामुळे रोज कुणाचा ना कुणाचा बार चार्ट "जरा बघून दे ना" म्हणून माझ्याकडे येतो आणि माझी रडगाणी तीच तीच असतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

उदाहरणाला महाराष्ट्राची जिल्हावार साक्षरता घेऊ. आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत, जुने आहेत मान्य, पण २०२१ ची जनगणना झालीच नाही तर काय करणार. तेव्हा जिल्हे ३५, पालघर २०१४ ला वेगळा झाला. सगळ्यात वर मुंबई उपनगर ८९.९१ टक्के, सगळ्यात खाली नंदुरबार ६४.३८, आणि अख्ख्या राज्याचा आकडा ८२.३४.

हे सगळं सिलेक्ट करून इन्सर्ट चार्ट केलं की उभे कॉलम येतात आणि पहिली बोंब तिथेच. पस्तीस नावं खाली मावत नाहीत मग ती तिरकी होतात, आणि आता तर औरंगाबादच्या जागी छत्रपती संभाजीनगर लिहायचंय, ते तिरकं होऊन अर्धा चार्ट खातं. वाचणाऱ्याने मान वाकडी करून वाचायचं का? नावं लांब असतील तर बार आडवे करा, विषय संपला. आणि हे काही नवीन फॅड नाहीये बरं का, विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश अर्थतज्ज्ञाने १७८६ साली स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा जो बार चार्ट छापला तो आडवाच होता, बारच्या बाजूला देशांची नावं सरळ वाचता येतील अशी. त्याच्याकडे स्कॉटलंडचा एकाच वर्षाचा डेटा होता म्हणून लाइन काढता येईना, मग बार काढले.

आडवे केले की एक्सेल अजून एक गंमत करतं, शीटमधली पहिली ओळ चार्टमध्ये सगळ्यात खाली जाते. नावांच्या अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट अॅक्सिस, तिथे कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर टिक करायचं. मग आकड्यांचा अक्ष उडी मारून वर जातो, तो नको असेल तर तिथेच अॅट मॅक्झिमम कॅटेगरी. त्याआधी डेटा मोठ्याकडून लहानाकडे सॉर्ट केलेला असू द्या, प्लीज. अकोला, अमरावती, अहिल्यानगर असा अकारविल्हे चार्ट आला की माझं डोकं फिरतं, कारण मग कोण पुढे कोण मागे हे शोधायला डोळे वरखाली पळत बसतात. वयोगट किंवा महिने असतील तर मात्र त्यांचा क्रम मोडू नका, तिथे सॉर्ट केलं तर वाट लागेल.

आता मुख्य भांडण, शून्य. बार चार्टमध्ये आपण लांबी बघतो, दुसरं काही नाही. अक्ष ६० पासून सुरू केला तर नंदुरबारचा बार ४.३८ चा उरतो आणि मुंबई उपनगरचा २९.९१ चा, म्हणजे बघणाऱ्याला वाटणार की जवळजवळ सातपट फरक आहे, आणि खरा फरक आहे साधारण १.४ पट! यावर लोक म्हणतात "पण बाजूला आकडे लिहिलेत ना". अहो, आकडेच वाचायचे तर टेबल द्या की, चार्ट कशाला.

यात मुद्दाम फसवणारे थोडेच, बाकी ठिकाणी एक्सेलच ऑटोमध्ये हे करून ठेवतं. सगळ्यात लहान आकडा मोठ्याच्या साधारण ८३ टक्क्यांच्या वर गेला की ते शून्य सोडून देतं. म्हणजे पस्तीस जिल्हे घेतले तर ठीक, पण फक्त पहिले पाच घेतले (मुंबईचे दोन, नागपूर, अकोला, अमरावती) की अक्ष आपोआप ऐंशीच्या पुढून कुठूनतरी सुरू होतो आणि अमरावती बिचारी एकदम मागासलेली दिसायला लागते, तिचा आकडा ८७.३८ असताना. आकड्यांच्या अक्षाच्या फॉरमॅट अॅक्सिसमध्ये मिनिममच्या खान्यात हाताने ० टाका. आणि तो अडीच टक्क्यांचा फरकच दाखवायचा असेल तर बार सोडा आणि नुसते ठिपके मांडा, ठिपक्याची जागा बघतात, लांबी नाही, त्यामुळे तिथे अक्ष ८० पासून चालतो.

रंगाचं म्हणाल तर पस्तीस बारना पस्तीस रंग ही रंगपंचमी झाली. सगळे राखाडी, आणि ज्याच्याबद्दल बोलायचंय तो एकच गडद. एकदा क्लिक केलं की सगळे बार सिलेक्ट होतात, थांबून परत क्लिक केलं की एकटा नंदुरबार, मग त्यालाच रंग. ८२.३४ वर एक बारीक रेघ ओढा, राज्याच्या वर कोण खाली कोण लगेच कळतं. आडव्या बारना गॅप विड्थ, म्हणजे दोन बारमधली फट, १८२ टक्के येते, म्हणजे बारच्या जवळजवळ दुप्पट मोकळी जागा, ती ५० च्या आसपास आणा. थ्रीडी तर नकोच, बारचं टोक नक्की कुठल्या रेषेला टेकतंय तेच कळत नाही.

टायटल "जिल्हानिहाय साक्षरता" असं सरकारी नको, "नंदुरबार राज्याच्या सरासरीपेक्षा १८ टक्के पॉइंटने मागे" असं लिहा ना सरळ.

पायथनवाल्यांसाठी वेगळी डोकेदुखी. मॅटप्लॉटलिब या पायथनच्या चार्ट काढायच्या लायब्ररीत मराठी नावं टाकली की, निदान मी वापरते त्या व्हर्जनमध्ये, फॉन्ट देवनागरी दिला तरी जोडाक्षरं तुटतात, सिंधुदुर्गची पहिली वेलांटी स च्या पलीकडे जाऊन पडते आणि रफार न होता पाय मोडका र दिसतो. इंग्रजीत नावं टाकून वेळ मारून नेणारे खूप बघितलेत, पण रिपोर्ट मराठीत आणि चार्ट इंग्रजीत हे काही बरं दिसत नाही. मी बार पायथनमध्ये काढून एसव्हीजी (नंतर बदलता येणारी चित्राची फाइल) करते आणि नावं नंतर इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्ता फॉन्टमध्ये टाकते, वेळखाऊ आहे. आर ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांना हा ताप नाही, तिथे रॅग पॅकेजने सेव्ह केलं की सिंधुदुर्ग सिंधुदुर्गच राहतो.