आज गाडी हलणार नाही

पहाटे जाग आली ती छतावरच्या ताशाने. घरातला पाऊस खिडकीतून, जरा लांबून ऐकू येतो. आरव्हीत, म्हणजे आमच्या या चाकांवरच्या घरात, तो डोक्यापासून हात-दीड हातावर पडत असतो. बिछान्यात उठून बसलं की छताला हात पोचतो. मी तळवा टेकवून पाहिला, तर थरथर चक्क हाताला जाणवली. नवऱ्याने एक डोळा उघडून विचारलं, "गळतंय का?"

"नाही, नुसतंच वाजतंय."

तो कूस बदलून पुन्हा झोपला. आज गाडी हलणार नाही, हे तिथेच ठरलं.

मनातून मला बरंच वाटलं. सहलीला निघालं की रोज काहीतरी बघायचंच असतं. सुट्टीचीही हजेरी लागते. नुसतं लोळायचं तर कोणावर तरी ढकलावं लागतं, आणि पावसाइतका सोयीचा माणूस दुसरा नाही.

लोळणं मात्र लगेच जमलं नाही. दाराबाहेरचं कापडी छप्पर, म्हणजे ऑनिंग, रात्री आम्ही सरळ ताणून ठेवलं होतं. त्याचं एक टोक खाली झुकवायचं असतं, नाहीतर पाणी साचतं. सकाळी बघते तर मधोमध चांगलं पोट सुटलेलं. 1 सेंटीमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला 10 लिटर पाणी. आमचं छप्पर साधारण 10 चौरस मीटरचं. थेंबही निसटला नाही तर 100 लिटर, म्हणजे 100 किलो! हा हिशेब मी दारात कोरडी उभी राहून सांगत होते आणि नवरा झाडूच्या दांड्याने ते पोट वर ढकलत होता. सगळं पाणी एका बाजूने उतरलं. ती बाजू त्याचीच निघाली.

मग ओले कपडे वाळत घालण्याचा प्रश्न. एवढ्याशा जागेत एक उभा राहिला की दुसऱ्याने बसायचं, आणि दोरीवर पँट असली की दोघांनी वाकून चालायचं. चहा ठेवला आणि थोड्या वेळाने खिडकीच्या चौकटीवरून थेंब ओघळला. दोघेही दचकलो. पण ती गळती नव्हती, आमचीच वाफ होती. श्वासाची, ओल्या कपड्यांची आणि शेगडीचीही. 1 किलो प्रोपेन गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत जातं. बाहेरून भिजू नये म्हणून सगळं गच्च बंद करावं, तर आतून पाऊस. शेवटी छताची झडप बोटभर उघडली.

काचेवर बोटाने एक गोल पुसून बाहेर बघत बसले. समोरच्या गाडीतला कुत्रा शेवटच्या पायरीपर्यंत यायचा, एक पंजा ओल्या गवताला लावायचा आणि परत आत. मालक छत्री धरून ताटकळत उभा. असं तीनदा झालं. चौथ्यांदा छत्री मिटली आणि दोघेही आत गेले.

दुपारी डोळा लागला. उठले तेव्हा छत वाजतच होतं, पण सावकाश, जाड थेंबांनी. गोलातून पाहिलं तर मोकळ्या जागेतल्या डबक्यावर एकही तरंग नाही. पाऊस केव्हाच थांबला होता. वाजत होतं ते आमच्या डोक्यावरचं झाड, पानापानांतून निथळणारं.

"पडतोय का अजून?" पांघरुणातून आवाज आला.

"हो," मी म्हटलं. "झोप."