मोनॅकोची खानेसुमारी

माझी मुलगी आणि जावई फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील नीस शहरात राहतात. त्यांच्याकडे गेले असताना मी एक दिवस शेजारचा मोनॅको हा चिमुकला देश पाहायला जाण्याचे ठरवले, तेव्हा मुलीने सांगितले, "आई, अकराच्या गाडीने जा, सकाळच्या गाड्यांना उभे राहायलाही जागा नसते." मला मात्र नेमकी तीच गर्दी पाहायची होती. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका असताना 2011 च्या जनगणनेत मी कुर्ल्यात प्रगणक म्हणून काम केले होते. घरयादी घेऊन चाळीचे जिने चढताना सगळ्यात अडचणीचा प्रश्न कोणता होता, तर "या घरात नेहमी राहणारे किती?" हा. गावाहून कामासाठी आलेला पुतण्या धरायचा की नाही, रात्रपाळीला असलेला मुलगा आज घरात नाही मग त्याचे काय, असे सवाल दारोदारी उभे राहत. तेव्हापासून कोणत्याही गावाची लोकसंख्या ऐकली की हा आकडा नेमका कोणाचा, असे मनात येतेच. मोनॅकोच्या बाबतीत तर तो प्रश्न सकाळी सात वाजता नीसच्या फलाटावरच समोर येऊन उभा राहिला.

डब्यात पर्यटक जवळजवळ नव्हतेच. पोलादी टोकाचे बूट घातलेले बांधकाम कामगार, हॉटेलचा कोट प्लास्टिकच्या वेष्टनात हातावर धरलेला एक तरुण, बँकेच्या ओळखपत्राची फीत गळ्यात असलेल्या दोघी आणि खिडकीला डोके टेकून झोपलेली सफाई कामगार बाई, अशी मंडळी होती. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला समुद्र, मधून बोगदे, असा जेमतेम पंचवीस मिनिटांचा प्रवास झाला. मोनॅकोचे स्थानक डोंगराच्या पोटात आहे. 1999 मध्ये त्यांनी रेल्वेमार्गच जमिनीखाली नेला आणि वरची मोकळी झालेली जागा इमारतींसाठी वापरली. फलाटावर गाडी थांबली आणि डबा एका झटक्यात रिकामा झाला. मी खांबाशी उभी राहून माणसे मोजण्याचा प्रयत्न केला, पण दोनशेच्या पुढे गणती चुकली, आणि तेवढ्यात समोरच्या फलाटावर इटलीच्या बाजूची, व्हेंतिमिल्याहून आलेली गाडी येऊन तीही अशीच रिती झाली.

आता कागदावरचे आकडे सांगते. मोनॅकोचे क्षेत्रफळ सुमारे 2.08 चौरस किलोमीटर आहे आणि रहिवासी सुमारे 38,000 आहेत, म्हणजे दर चौरस किलोमीटरला अठरा हजारांहून अधिक माणसे. मुंबई शहर जिल्ह्याची 2011 ची घनता 19,652 होती. दोन आकडे इतके जवळजवळ असूनही या दोन ठिकाणच्या रस्त्यांवर चालण्याच्या अनुभवात काहीच साम्य नाही, याचे मला दिवसभर आश्चर्य वाटत राहिले. याचे एक कारण पैसा हे आहेच. ज्या देशात घराच्या एका चौरस मीटरला 50,000 युरोंहून अधिक मोजावे लागतात, तिथे एका खोलीत आठ जण राहत नाहीत. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटले. मुंबईच्या आकड्यात मुंबई चालवणारी बरीचशी माणसे मोजलेली असतात. मोनॅकोच्या आकड्यात मोनॅको चालवणारी माणसे नाहीत. तिथल्या खासगी क्षेत्रात 55,000 हून अधिक लोक नोकरी करतात, म्हणजे देशाच्या एकूण रहिवाशांपेक्षा नोकरदारच जास्त आहेत, आणि त्यांपैकी दहांत जेमतेम एक जण देशात राहतो. बाकीचे रोज सकाळी फ्रान्समधून येतात, काही हजार इटलीतून येतात, आणि रात्री परत जातात.

स्थानकातून वर येण्यासाठी एकामागून एक सरकते जिने आणि सार्वजनिक लिफ्ट आहेत. हा देश आडवा कमी आणि उभा जास्त आहे. समुद्रापासून डोंगराकडे सरळ चालत गेले तर बऱ्याच ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांत देश संपतो, पण तेवढ्यात इतकी चढण लागते की सरकारने डोंगर पोखरून रस्त्यारस्त्यांना लिफ्टने जोडले आहे. माझ्या गुडघ्यांनी त्या सरकारला मनापासून दुवा दिला.

जुन्या गावात, म्हणजे ज्याला तिथे नुसते 'खडक' म्हणतात त्या मोनॅको-व्हिलमध्ये, मी एका वाटाडीबरोबर फिरले. सत्तरीच्या जवळ आलेली ही बाई स्वतः मोनेगास्क, म्हणजे तिथली नागरिक होती, आणि हे तिने नाव सांगण्याआधीच सांगितले. त्या अभिमानाचे कारण हळूहळू कळले. देशात सुमारे 140 राष्ट्रीयत्वांची माणसे राहतात. 2016 च्या जनगणनेत एकूण 37,308 लोक मोजले गेले, त्यांत फ्रेंच सुमारे 25 टक्के, मोनेगास्क 22 टक्क्यांच्या थोडे वर, इटालियन 22 टक्क्यांच्या थोडे आत आणि त्यांच्यामागोमाग ब्रिटिश होते. आपल्याच देशात ज्यांचा वाटा चौथ्या हिश्श्याच्या आसपास आहे असे हे नागरिक आजही दहा हजारांच्या आत आहेत. "माझ्या शाळेतल्या बहुतेक मैत्रिणींचे आडनाव मला आजही रस्त्यांच्या पाट्यांवर दिसते," ती म्हणाली, आणि हे बोलताना तिने खरोखरच एका पाटीकडे बोट दाखवले. त्या पाट्या दोन भाषांत आहेत. वर फ्रेंच आणि खाली मोनेगास्क, जी इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरील बोलींच्या कुळातली आहे. घरांतून ही भाषा विरत चालली, तेव्हा 1976 पासून ती शाळांत शिकवायला सुरुवात झाली. आजीला येते, आईला येत नाही आणि नातीला शाळेत शिकून येते, अशी कुटुंबे त्यामुळे तयार झाली आहेत, असे तिने हसत सांगितले.

परवान्यावर राहणारा रहिवासी होणे आणि नागरिक होणे यांत तिथे केवढे अंतर आहे, हे तिने मला खडकावरच्या बाकावर बसून समजावले. रहिवासी होण्यासाठी देशात घर हवे, निर्वाह चालवण्याइतका पैसा असल्याचा पुरावा हवा आणि पोलिसांच्या दृष्टीने चारित्र्य स्वच्छ हवे. हे जमले की परवाना मिळू शकतो. नागरिकत्व मात्र मुख्यतः जन्माने मिळते. दहा वर्षे राहिल्यावर अर्ज करता येतो, पण तो मान्य करायचा की नाही हे राजपुत्राच्या, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्याच्या, मर्जीवर असते. लग्नाने नागरिकत्व मिळवायचे तर पूर्वी दहा वर्षे थांबावे लागे, ती मुदत 2022 मध्ये वीस वर्षे केली गेली. 24 सदस्यांच्या संसदेसाठी मतदान फक्त नागरिकांना आहे. नोकरीत 1957 च्या कायद्याने पहिला हक्क नागरिकांचा, त्यानंतर त्यांच्याशी लग्न केलेल्यांचा, मग रहिवाशांचा आणि त्यानंतर शेजारच्या फ्रेंच गावांतल्या लोकांचा, असा चक्क उतरता क्रम लिहिलेला आहे. घरांचेही तसेच आहे. सरकारच्या मालकीच्या सदनिका नागरिकांना बाजाराच्या मानाने फारच कमी भाड्याने मिळतात. 170 मीटर उंचीचा ओदेऑन नावाचा मनोरा दुरून दिसतो, त्याच्या वरच्या भागात जगातल्या सर्वांत महागड्या घरांपैकी काही घरे आहेत आणि त्याच प्रकल्पात नागरिकांसाठी सरकारी सदनिकाही आहेत. हे सगळे ऐकून मी तिला विचारले, की मग मोनेगास्कांना कशाचीच बंदी नाही का. "कॅसिनोत जुगार खेळायची," ती तत्काळ म्हणाली.

तो कॅसिनो मी बाहेरूनच पाहिला. त्याच्या दारातल्या मोटारींची छायाचित्रे काढणारे इतके लोक होते की इमारत पाहणारी मी एकटीच असेन. पण लोकसंख्येच्या गोष्टीत त्याला बगल देता येत नाही. 1848 मध्ये माँताँ आणि रोकब्रून ही गावे फुटून निघाली, 1861 च्या तहाने ती कायमची फ्रान्सकडे गेली, आणि बहुतेक भूभाग जाऊन राज्य करणाऱ्या ग्रिमाल्दी घराण्याच्या हाती हा एवढासा किनारा उरला. लिंबू-संत्र्यांच्या बागाही त्या गावांबरोबर गेल्या. उत्पन्नाचे साधन म्हणून 1863 पासून कॅसिनोचा कारभार नव्या कंपनीच्या हाती दिला गेला, 1868 मध्ये रेल्वे आली, आणि 1869 मध्ये राजपुत्र तिसरा शार्ल याने प्रजेवरचा प्रत्यक्ष कर काढून टाकला. एकदा कर गेल्यावर श्रीमंतांचा ओघ सुरू झाला तो आजतागायत चालू आहे, जरी कॅसिनोचा सरकारी उत्पन्नातला वाटा आता किरकोळ असला तरी.

या ओघाला फ्रान्सने एकदा अडवले होते. कर चुकवण्यासाठी फ्रेंच लोक इथे येऊन राहतात म्हणून संतापलेल्या फ्रेंच राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या सरकारने ऑक्टोबर 1962 मध्ये सीमेवर जकात चौक्या उभ्या केल्या. वाटाडी तेव्हा लहान होती, पण वडिलांनी मोटार थांबवल्याचे तिला आठवते. 1963 च्या करारानुसार मोनॅकोत नव्याने राहायला आलेल्या फ्रेंच नागरिकाला फ्रान्सचा प्राप्तिकर भरावा लागतो. परिणामी इटालियनाला किंवा ब्रिटिशाला जी सवलत मिळते ती शेजारच्या फ्रेंचाला मिळत नाही, आणि घरभाडे मात्र सगळ्यांना सारखेच. एके काळी निम्म्याच्या घरात असलेला फ्रेंचांचा वाटा चतुर्थांशावर का आला, याचे उत्तर बरेचसे या करारात आहे. यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या मोनॅकोतच जन्मलेली, पण नागरिकत्व नसलेली कुटुंबेही आहेत. तिथे त्यांना 'या मातीची लेकरे' अशा अर्थाचे नाव आहे. मला त्या नावाने वाईट वाटले. माती त्यांची आहे, घर परवडत नाही.

दुपारी मी बसने वर जाऊन सीमा शोधली. ती एक रस्ताच निघाली. एका पदपथावर मोनॅको आणि समोरच्या पदपथावर बोसोलेय हे फ्रेंच गाव आहे. एकाच रस्त्याला एका बाजूने बुलव्हार द फ्रान्स आणि दुसऱ्या बाजूने जनरल लक्लेर यांचे नाव आहे. ना चौकी, ना पाटी वाचल्याशिवाय कळणारा काही फरक. फरक दिसला तो गॅलऱ्यांत. बोसोलेयच्या बाजूला दोऱ्यांवर कपडे वाळत होते, खाली पोर्तुगीज पाव विकणारे दुकान होते, कारण बांधकामासाठी आणि घरकामासाठी आलेल्या पोर्तुगीजांची मोठी वस्ती तिथे आहे. मोनॅकोच्या बाजूला एकही दोरी नव्हती. मी त्या पोर्तुगीज दुकानात कॉफी प्यायले. मालकीणबाईंची बहीण समोरच्या बाजूला एका घरात मुले सांभाळते, म्हणजे रोज रस्ता ओलांडून परदेशात कामाला जाते.

परतताना समुद्राकडे उतरले. माणसे वाढवायची तर जमीन वाढवली पाहिजे, हे मोनॅकोने फार पूर्वीच ओळखले आहे. फुटबॉलचे मैदान असलेला फाँव्हिएय हा अख्खा भाग 1970 च्या दशकात समुद्रात भराव घालून केला. तो 20 हेक्टरांहून मोठा आहे. डिसेंबर 2024 मध्ये आणखी सहा हेक्टरांचा मारेतेरा हा भाग खुला झाला. तो प्रचंड अशा 18 काँक्रीटच्या पेट्यांच्या कठड्याआड उभा आहे. तिथल्या पायवाटेवर सायंकाळी साडेचारला मी अर्धा तास बसले. माळी होते, पहारेकरी होते, कॅमेरे तर होतेच. समोरच्या इमारतीच्या चाळीस खिडक्या मोजल्या, त्यांतल्या सात उघड्या होत्या. या घरांतले किती जण वर्षातले किती महिने इथे असतात, हे मी कोणाला विचारू शकत नव्हते. प्रगणकाच्या नोंदीत मी त्यांना 'नेहमीचे निवासी' लिहिले असते आणि खाली बागेत पाइप गुंडाळणाऱ्या माळ्याला लिहिले नसते. मला 28 फेब्रुवारी 2011 ची रात्र आठवली. त्या रात्री आम्ही कुर्ला स्थानकाबाहेर बेघरांची गणती केली होती, पुलाखाली झोपलेल्या प्रत्येकाला उठवून. मोनॅकोत अशी रात्र ठेवली तर प्रगणकाला घरी जाऊन झोपता येईल.

सहा वाजता पुन्हा डोंगराच्या पोटातले ते स्थानक गाठले. दोन्ही फलाट सकाळपेक्षाही दाटीने भरले होते. सकाळचा कोट आता चुरगळून पिशवीत गेला होता, किंवा तो दुसराच तरुण असेल. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या परिचारिकेशी मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये बोलले. ती चौदा वर्षे मोनॅकोत काम करते आहे आणि तिने तिथे एकही रात्र काढलेली नाही, रात्रपाळी वगळता. ती पुढच्याच काप-दाई स्थानकावर उतरली. तिथवर तीन मिनिटे लागतात.