घोटा मुरगळला आणि मग अक्कल आली

आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे पेठेची इज्जत, त्यामुळं शाहू स्टेडियमला मॅच बघून आलं की रविवारी टर्फवर सगळ्यांच्याच अंगात येतं, माझ्याही आलं, वय ३८, आठवडाभर खुर्चीत बसून काम, आणि गाडी लावली की थेट मैदानात. वॉर्मअप म्हणजे काय तर दोन उड्या. तिसऱ्याच मिनिटाला मी वळलो आणि डावा पाय टर्फमध्ये तसाच राहिला. एकानं लगेच खसाखसा चोळून दिलं, तिथंच घोळ झाला, ताज्या मुरगळीला चोळायचं नसतंय, संध्याकाळपर्यंत घोट्याचा भोपळा. फडक्यात बर्फ गुंडाळून १५-२० मिनिटं, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर, एवढंच करायचं होतं. (चार पावलंही टाकता येत नसतील तर मात्र एक्स-रे काढायचाच.)

आता फिजिओनं एका पायावर उभं राहायला लावलंय, ते मी दात घासताना करतो, बायको हसते. शिवाय फिफाचा ११ प्लस वॉर्मअप, म्हणजे फुटबॉलवाल्यांना दुखापत होऊ नये म्हणून ठरवलेले व्यायाम, वीसेक मिनिटांचे. त्यातला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग हा मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम, म्हणजे गुडघ्यांवर उभं राहायचं, मित्रानं मागून घोटे धरायचे आणि आपण हळूहळू पुढं झुकायचं, पहिल्या दिवशी मी धाडकन तोंडावर. पोरं म्हणतात, म्हातारा झालास भावा.