उरूस, थंडी आणि तंबोरा

मिरजेच्या दर्ग्यातल्या संगीत सभेचा विषय निघाला की लोक गायकांची नावं घेतात. नावं मोठीच आहेत. पण इथल्या बैठकीचा आवाज दरवर्षी वेगळा का लागतो हे कळायला आधी पंचांग बघावं.

दर्गा ख्वाजा शमना मीरासाहेबांचा, आणि सभा भरते त्यांच्या उरुसात. हा उरूस हिजरी महिन्यांनी येतो. ते वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून उरूस दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे येतो आणि साधारण ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून होतो. गावातल्याच अंबाबाईच्या देवळातला नवरात्र संगीत महोत्सव मात्र आश्विन सोडत नाही.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब मूळचे उत्तर प्रदेशातल्या कैरान्याचे, पण घर केलं ते मिरजेत. २७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीला जाताना सिंगापेरुमल कोइल स्टेशनवर त्यांचं निधन झालं; दफन मिरजेला, दर्ग्याच्याच आवारात. त्यांच्या नावाने भरणाऱ्या या सभेत गाणं म्हणजे हजेरी लावणं. उरुसाचा मानाचा गलेफ, म्हणजे मजारीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा, गायक कुठल्याही घराण्याचा, आणि हे इथं कुणाला वेगळं वाटत नाही.

सध्या उरूस थंडीत येतोय. उघड्यावर, रात्रभर बैठक. रात्री नऊला मिळवलेला तंबोरा बाराला चढलेला असतो, कारण गारठ्यानं तारा आखडतात. तबल्याचं उलटं: दव पडलं की पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, ओल धरते आणि सूर उतरतो. दोघं एकमेकांपासून लांब जातात आणि मधे सापडतो गायक. अशा वेळी घाईनं खुंटी पिळू नये. तेवढ्यात तार तुटते. फरक थोडा असेल तर घोडीच्या, म्हणजे तारा ज्यावर टेकतात त्या पट्टीच्या, खालचा तारेतला मणका पुरतो. लंगोटाकडे, म्हणजे तारा खाली जिथं अडकवतात तिकडे, ढकलला की सूर चढतो, घोडीकडे आणला की उतरतो. आधी जोडाच्या, म्हणजे मधल्या षड्जाच्या, दोन तारा एकमेकींत विरघळवाव्यात, मग खर्ज, शेवटी पंचम. मालकंसासारखा पंचम नसलेला राग असेल तर पहिली, एरवी पंचमाची, तार मध्यमावर.

सूर जुळूनही तंबोरा बोलत नसेल तर दोष जवारीचा. घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला केसभर उतार असतो, आणि तार त्यावर टेकत-सुटत झंकारते. घोडी आणि तार यांच्यामधला सुती दोरा, म्हणजे जीव, बोटाच्या टोकानं पुढेमागे करत बघायचा. एक जागा अशी येते की आवाज एकदम उघडतो. तिच्या किंचित पुढे तो भरभरीत, मागे मुका. एकदा सापडली की दोऱ्याला हात लावू नये. बरीच वर्षं वाजलेल्या घोडीवर तारेखाली खाच पडते, मग जीव कुठंही नेला तरी फरक पडत नाही. तिथं कानसच लागते, आणि ती कारागिराच्याच हातात शोभते. जास्त घासलं गेलं तर घोडी नवी बसवावी लागते.

तो कारागीर मिरजेत लांब नाही. हत्यारांना पाणी आणि धार देणाऱ्या शिकलगारांची ही परंपरा. शस्त्रांची मागणी आटली तसे फरीदसाहेबांसारखे कारागीर एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा भीमाकाठचा, दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्यावरची फळी, तुणीच्या लाकडाची. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उशिराच, पण मिळालं.

आणखी दहाएक वर्षांनी उरूस परतीच्या पावसाच्या दिवसांत येईल. तेव्हा तबला जास्त रुसेल, लाकूड ओल पिऊन फुगेल आणि खुंट्या भोकात घट्ट बसतील. त्यांना तेल लावू नये, पुढे सुटतात आणि सूर धरत नाहीत. खडूची भुकटी पुरते. आणि तंबोरे बैठकीच्या तासभर आधी गवसणीबाहेर काढून त्याच हवेत ठेवावेत. खोलीतून आणून थेट मंचावर मिळवलेला तंबोरा पहिल्याच ख्यालात दगा देतो.