पांझरेचा बंद पडलेला पाट: हरवलेली लाइन सापडली

मागच्या वेळी लिहिलं होतं की साक्री तालुक्यातल्या त्या पाटाची लाइन बाभळीच्या रांगेपर्यंत नीट दिसते आणि पुढे एकदम गायब होते, तर या रविवारी ती सापडली, आणि कशी सापडली ते सविस्तर लिहितोय कारण मोसम किंवा आरमच्या खोऱ्यात कुणी असं शोधत असेल तर त्याला नक्की उपयोग होईल.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धत ३००-४०० वर्षांपासूनची. नदीत दगडचुन्याचा बंधारा, तिथून काठाने निघणारा पाट, पाटाला चाऱ्या, म्हणजे छोटे फाटे, आणि खालची जमीन फडांत म्हणजे मोठ्या तुकड्यांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाणी वळवायचं काम पाटकऱ्याचं, शेतकऱ्याने हात लावायचा नाही. काही गावांत हे अजून चालू आहे. पण वर धरणं झाली, विहिरींवर मोटारी बसल्या, नदीतली वाळू उपसली गेली, आणि बरेच पाट कोरडे पडले, हा त्यातलाच एक.

आतापर्यंत माझी चूक होत होती ती अशी की मी नदीला समांतर शोधत होतो. नदीचा उतार पाटापेक्षा जास्त असतो, त्यामुळे जसजसं खाली जावं तसतसा पाट नदीपासून उंच आणि लांब जातो. मग यावेळी गवंडी वापरतात तो पाणी भरलेला पारदर्शक लेव्हल पाईप नेला, सोबत एक मित्र. बाभळीखालच्या पक्क्या तुकड्यात १०-१० मीटरवर १२ वेळा माप घेतलं, १२० मीटरला १३ सेंटिमीटर उतार निघाला, म्हणजे हजाराला एकच्या आसपास. मग तोच उतार धरून पुढे सरकत गेलो तर लाइन शेतात सरळ न जाता डावीकडे नाल्यात वळली. पाट नाला सरळ ओलांडत नव्हता, वळसा घेऊन आत शिरून परत बाहेर येत होता, आणि आम्ही दोन महिने समोरच्या कपाशीत शोधत होतो!

नाल्याच्या तोंडाशी झुडपं बाजूला केली तर समोरासमोर दोन घडीव दगड, दोघांच्याही आतल्या अंगाला उभी खाच, दोन बोटं मावतील एवढी, फळी सरकवायला. सांध्यात चुना अजून आहे, नखाने खरवडला तरी सुटत नाही. ही सांडम, पाटात पाणी जास्त झालं की इथून नाल्यात सोडायचं. तिथे शेळ्या चारणारे एक आबा होते, त्यांनी दगडावर काठी टेकवली आणि म्हणाले, "पानी आठेच फुटे ना भाऊ," म्हणजे पाणी इथेच फुटायचं. लहानपणी इथे पोहायचे म्हणे. दगडाला धक्का नको म्हणून माती परत सारून ठेवली, फोटो काढलेत.

एक गोष्ट सगळ्यांनी करून बघा. गटाचा जुना हस्तलिखित सातबारा मिळाला तर पीकपाहणीत जलसिंचनाचे साधन हा रकाना असतो. खालच्या एका गटात आधी 'पाट' आहे आणि नंतरच्या वर्षांत 'विहीर'. गुगल अर्थवर उन्हाळ्यातली जुनी इमेज लावली तर रेषेच्या वरची बाजू जिरायत आणि खालची हिरवी असं स्पष्ट दिसतं, ते बघून मला फार आनंद झाला.

पुढच्या साधारण २०० मीटरवर जेसीबीने जमीन सपाट केलीय, तिथे वरून काही मिळणार नाही. पलीकडून उलट्या बाजूने माप घेत यायचं ठरवलंय, गहू वाढायच्या आत, शेतमालकांनी परवानगी दिलीय. लेव्हल पाईप जरा मोठा लागेल, कुणाकडे ३० मीटरचा असेल तर सांगा.