‘मी फार स्लो पळते हो, चालेल का?’

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सकाळी शिवाजी पार्कला कट्ट्याच्या बाजूने फेऱ्या मारताना कोणी ना कोणी गाठतंच, मलाही पळायचंय पण मी फार स्लो आहे, चालेल का? आणि आवाज असा, की जणू बँकेत लोन मागायला आलेत.

अहो चालेल का काय, सुरुवातीला स्लोच पळायचं असतं! नवीन माणूस पहिल्याच दिवशी जीव खाऊन धावतो, अर्ध्या फेरीत धाप लागते, मग कट्ट्यावर बसतो आणि ठरवून टाकतो की रनिंग काही आपल्याला झेपणार नाही. दम तसा पटकन वाढतो, थोड्या आठवड्यांत फरक कळतो, पण हाडं, टेंडन (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोऱ्या) वगैरे मंडळींना सवय व्हायला त्याहून बराच वेळ लागतो आणि खरा घोळ इथेच होतो, छाती म्हणते चल अजून एक फेरी आणि नडगी म्हणते बास. नडगी धरली की सुट्टी, सुट्टी लांबली की शूज माळ्यावर.

मग किती स्लो? शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता आल्या पाहिजेत इतकं. काल सासूबाई काय म्हणाल्या ते मध्ये न थांबता सांगता येतंय ना, मग स्पीड बरोबर. एकट्या असाल तर पाढे म्हणा (एकोणतीसचा अडला तर तो दमाचा दोष नाही). तरी धाप लागलीच तर चाला. दोन मिनिटं पळा, एक मिनिट चाला, परत पळा. ही काही पळवाट नाहीये, १९७२च्या ऑलिंपिकमध्ये पळालेले जेफ गॅलोवे कित्येक वर्षं लोकांना हेच शिकवत आले.

वॉकवाले आजोबा ओव्हरटेक करतील हं. करू द्यात, ते रोजचे आहेत.

आणि लोक हसतील म्हणाल तर एकदा जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या दिवशी पेडर रोडच्या चढावर जाऊन उभ्या राहा. पहिले येणारे पुरुष सव्वादोन तासांच्या आत घरी, पण मागची पब्लिक पाच पाच सहा सहा तास रस्त्यावर असते, त्या चढावर भलेभले चालतात, आणि बाजूला उभे असलेले अनोळखी लोक त्यांच्या हातात संत्र्याच्या फोडी, बिस्किटं कोंबत असतात, ‘कम ऑन काका’ ओरडत. पुढचे तर बिचारे इतक्या जोरात जातात की त्यांना संत्रं कोण देणार!

फौजा सिंग तर माहितीच असतील. २०११ मध्ये, वयाच्या शंभरीत, टोरंटोची फुल मॅरेथॉन आठ तासांहून जास्त वेळ घेऊन पूर्ण केली. गिनीजने जन्मदाखला नाही म्हणून रेकॉर्ड दिलं नाही, पण ‘बाबाजी, पेस काय पडला?’ (म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं) असं त्यांना विचारायची माझी तरी हिंमत झाली नसती.

बाकी शूज तेवढे नीट घ्या, संध्याकाळी जाऊन घ्या कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात, आणि पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहू द्या. महागाचेच हवेत असं काही नाही. आणि सोमवारची वाट बघू नका, उद्या गुरुवार असला तरी चालतोय.